कान फक्त आवाजानेच जातात?

“आमच्या पेंट शॉपमध्ये आवाज 85 डेसिबलच्या आत आहे, त्यामुळे कानांचा प्रश्नच येत नाही.” कारखान्यात हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. आवाजाने बहिरेपण येतं हे खरंच आहे. पण म्हणून आवाज नसेल तर ते येतच नाही, हे कुठून आलं?

थिनरमधलं टोल्यूइन आणि झायलीन, फायबरग्लासच्या कामात रेझिनमधून उडणारं स्टायरीन, ही सगळी कानाला बाधणारी रसायनं आहेत. त्यांची वाफ कानाच्या भोकातून शिरत नाही. ती फुप्फुसातून रक्तात जाते आणि रक्तातून अंतर्कर्णात पोचते. तिथल्या बाह्य केसपेशी त्या वाफेने मरतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या कानातही या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कानात बोळे घालून आवाज अडेल, ही वाट कशी अडणार? पाळी संपताना थिनरमध्ये भिजवलेलं कॉटन वेस्ट घेऊन कोपरापर्यंत हात पुसणारा पेंटर पाहा. हातांवरचा रंग जातो, पण त्या दोन मिनिटांत थिनर कातडीतूनही आत जातं आणि नाकातूनही.

स्वीडनमध्ये कामगारांच्या कानांवर 20 वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. 95 ते 100 डेसिबलच्या गोंगाटातल्या विभागांत ठळक श्रवणदोष 5 ते 8 टक्क्यांना होता. रसायन विभागात आवाज कमी, 80 ते 90 डेसिबल. आणि तिथे दोष 23 टक्क्यांना! नुसतं डेसिबल मीटर हातात घेऊन हिंडणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: वयाने कान जातात हो. ब्राझीलमधल्या ग्रॅव्ह्युअर छापखान्यातल्या आणि रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या 1993 च्या अभ्यासात वयाचा हिशेब वेगळा काढला होता. ज्यांचा आवाजाशीही संबंध नाही आणि रसायनांशीही नाही अशांत श्रवणदोष 8 टक्के, नुसत्या आवाजात काम करणाऱ्यांत 26 टक्के, आवाज आणि टोल्यूइन दोन्ही असणाऱ्यांत 53 टक्के. वयाचा हिशेब धरूनही धोका आवाजवाल्यांना सुमारे 4 पट आणि दोन्हीवाल्यांना सुमारे 11 पट निघाला.

विरोधकांचा खरा जोरदार मुद्दा वेगळाच आहे. उंदरांना हजार पीपीएमच्या वर टोल्यूइन हुंगवलं, एवढं कोणत्या कारखान्यात असतं? शिवाय गिनीपिगचे कान त्याला दाद देत नाहीत, मग माणूस उंदरासारखा की गिनीपिगसारखा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर पिंजऱ्यात शोधायचं कारण नाही. ब्राझीलच्या छापखान्यात होती ती माणसंच. मग जर्मनीचा दाखला पुढे येतो. तिथल्या छापखान्यांत वारंवार तपासण्या करूनही टोल्यूइनचा कानांवर परिणाम आढळला नाही, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. हा अभ्यास चांगला आहे आणि मला तो मान्यही आहे. फक्त तो पुरता वाचावा. तिथे जास्त संपर्क असलेल्या गटातही टोल्यूइन सरासरी 26 पीपीएमच्या आसपास होतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आठ तासांची मर्यादा होती 100 पीपीएम, आणि ब्राझीलच्या त्या छापखान्यातलं टोल्यूइन याच आकड्यापासून वर होतं. म्हणजे जर्मन अभ्यासाने सिद्ध काही होत असेल तर एवढंच, की हवा स्वच्छ ठेवली तर कान वाचतात. 100 पीपीएमचं समर्थन करायला तो साक्षीला येत नाही.

त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत, बेंझिन आणि त्याच्या कुळातल्या रसायनांची विषबाधा होती. टोल्यूइन त्याच कुळातलं. त्याच यादीत बहिरेपणही होतं, पण ते आवाजाने आलेलं. विषही ठाऊक होतं, बहिरेपणही ठाऊक होतं. दोघांची गाठ मात्र त्या कायद्याने घातली नव्हती. युरोपीय संघाने 2003 च्या निर्देशातच, धोका ठरवताना आवाज आणि कानाला घातक रसायनं यांचा एकत्र विचार करावा, असं मालकांना बजावलं आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. पेंट शॉप, छापखाना, फायबरग्लासचं शेड, चपलांना सोल्यूशन लावणारा गाळा, इथल्या माणसांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, आवाज कितीही असो, व्हायला हवी. वाफ जिथे उठते तिथेच ओढून घेणारा एक्झॉस्ट हवा. कापडी मास्क धूळ अडवेल, वाफ नाही. त्याला कार्बन कार्ट्रिज लागतं. हात धुवायला थिनर बंद. आणि पहिली ऑडिओमेट्री कामावर घेतानाच करावी, ठेकेदाराच्या माणसाचीसुद्धा, आणि तिचा कागद त्याच्या हातात द्यावा. ऑडिओमेट्रीचा आलेख पाहून नुकसान आवाजाने झालं की थिनरने, हे डॉक्टरला सहसा सांगता येत नाही. आधीचा कागद नसला, तर कामावर येताना कान चांगले होते हेही त्या कामगाराला दाखवता येत नाही.