नागझिरा, मे महिना आणि बायपास केलेला स्विच

नागझिऱ्याला जाणारे आपण लोक तीन विषयांवर तासनतास बोलू शकतो. वाघ दिसला की नाही, जिप्सीवाल्याने किती घेतले, आणि रिसॉर्टचा एसी चालत होता की नाही. पहिल्या दोन विषयांवर ब्लॉगांचा पाऊस पडून गेलाय. तिसऱ्यावर कोणी लिहीत नाही, फक्त रेटिंगमध्ये दोन तारे कमी करून मोकळे होतात. तर ही शनिवारची पोस्ट त्या एसीवर. जंगलाचे फोटो नाहीत, आधीच सांगून ठेवतो :)

नागझिरा अभयारण्य 1970 सालचं. गोंदिया आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. डिसेंबर 2013 मध्ये नवेगावला जोडून त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. आत तळ्याकाठची वनखात्याची विश्रामगृहं वर्षानुवर्षं विजेशिवाय चालली, आणि त्याचंच लोकांना केवढं कौतुक! कंदील, चांदणं, दूरवर सांबराचा कॉल वगैरे. गेटबाहेर आलं की मात्र पाहुणा बदलतो. चोरखमारा किंवा पिटेझरीच्या बाजूला राहायला गेलेला तोच माणूस रिमोट हातात घेऊन 16 चा आकडा दाबतो आणि पंधरा मिनिटांत खोली गार झाली नाही की रिसेप्शनला फोन.

एसी लावू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी निसर्गाशी एकरूप व्हायचे सल्ले देऊ नयेत. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर यांनी पूर्व विदर्भाला पिढ्यानपिढ्या तारलंय हे खरं, पण साठ माणसांच्या डायनिंग हॉलला कूलर पुरत नाही हेही तितकंच खरं. भांडण एसीशी नाहीच. भांडण आहे ते छतावर तो एसी ज्या पद्धतीने 'चालू ठेवला' जातो त्याच्याशी, आणि तसा तो चालू ठेवायला भाग पाडणाऱ्या आपल्यासारख्यांशी.

परवाच्या मे महिन्यात अशाच एका रिसॉर्टवर (नाव घेत नाही, कारण प्रश्न एकाचा नाही) हॉलचा एसी दुपारी बारापासून ट्रिप होत होता. दोन डक्टेबल युनिटं, दोन्ही स्लॅबवर. गोंदियाहून एक पोरगा आला. एकवीस-बावीसचा असेल. पायात चपला, हातात पक्कड आणि टेस्टर. मला यंत्रांचा किडा असल्यामुळे मीही शिडीने त्याच्या मागे वर गेलो. वीस मिनिटांत युनिट सुरू झालं, खाली टाळ्या पडल्या. त्याने काय केलं? हाय-प्रेशर स्विचच्या दोन वायरी काढल्या, एकमेकींना पीळ दिला, वर काळी टेप गुंडाळली. बस.

"अरे, हे काय करून राहिला?" म्हटलं.

"सर, स्विच सारखा मारून राहिला. सीझन हाय. मॅनेजर म्हणते गेस्ट बोंबलून राहिले."

आता हा स्विच म्हणजे काय, ते माझ्यासारख्या कोड पाडणाऱ्या जमातीला समजेल अशा भाषेत सांगतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, तो गॅस बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता टाकून थंड होतो. ही उष्णता नीट बाहेर पडली नाही की दाब चढत जातो. आर-410ए नावाचा गॅस असेल तर 45 डिग्रीच्या दुपारी, सगळं ठाकठीक असतानासुद्धा, तो दाब साडेपाचशे पीएसआयच्या आसपास जातो. तुमच्या कारच्या टायरमध्ये तीसेक असतो, म्हणजे बघा. सहाशेच्या पुढे कुठेतरी हा स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. तो 'खराब' झालेला नसतो. तो ओरडून सांगत असतो की कॉइल चोंदलंय, पंखा मेलाय, किंवा गॅस जास्त भरलाय. त्याच्या वायरी जोडून टाकणं म्हणजे एक्सेप्शन आला म्हणून कॅच ब्लॉक रिकामा ठेवून प्रोडक्शनला टाकणं. फरक इतकाच की आपल्या सर्व्हरमधून तापलेलं तेल उडत नाही.

तेल उडतं हे अलंकारिक नाही. कॉम्प्रेसरच्या डब्यात वीज जिथून शिरते ती टर्मिनलं काचेच्या सीलमध्ये बसवलेली असतात. अतिदाब आणि अतिताप यांनी ती कमकुवत झाली आणि आत शॉर्ट झालं, की टर्मिनल बाहेर फेकलं जातं, पाठोपाठ तेलाचा फवारा, आणि ठिणगी तिथेच हजर. म्हणून टर्मिनलवरचं झाकण लावल्याशिवाय कॉम्प्रेसरला वीज द्यायची नसते. मी पाहिलेल्या युनिटचं झाकण शेजारी पडलेलं होतं आणि त्यात पावसाचं पाणी साचून वाळल्याचे डाग होते. किती दिवसांपासून ते तिथे असेल याचा हिशेब तुम्हीच करा.

बरं, दाब चढतो कशाने? इथे गोंदियाचा खास हातभार आहे. हा धानाचा मुलूख. राइस मिलचा भुसा आणि राख हवेत असते, कच्च्या रस्त्यावरून जिप्सी धूळ उडवतात, उन्हाळ्यात सावरीचा कापूस उडतो. हे सगळं बाहेरच्या कॉइलच्या पंख्यांत म्हणजे त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत जाऊन बसतं. कॉइल आतून बाहेर, हलक्या धारेने धुवावं लागतं. आपल्याकडे कार वॉशिंगचा पंप आणून बाहेरूनच फवारा मारतात. कचरा आणखी आत, पट्ट्या आडव्या, आणि सर्व्हिसच्या वहीवर सही!

दुसरं कारण खरेदीतलं. एसीवर जे टनेज छापलेलं असतं ते बाहेर 35 डिग्री तापमान धरून मोजलेलं असतं. कडक उन्हाळ्याच्या देशांसाठी 46 डिग्रीची वेगळी चाचणी असते, ती यंत्रंही मिळतात, थोडी महाग पडतात. आमच्याकडचा हॉटेलमालक मात्र 35 वालं यंत्र घेतो, दोन युनिटं भिंतीला चिकटवून समोरासमोर बसवतो (म्हणजे एकाची गरम हवा दुसऱ्याने ओढायची), वरून ऊन लागू नये म्हणून पत्र्याचं छप्पर टाकून गरम हवा कोंडून ठेवतो, आणि मग विचारतो की एसी का ट्रिप होतो. च्यायला, होणार नाही तर काय!

असो. यंत्रापेक्षा मला त्या पोराची जास्त काळजी वाटते. भर दुपारी, पत्रा असा की हात टेकवत नाही. स्लॅबला कठडा असायला हवा किमान एक मीटरचा, तो नव्हता. छतावर युनिटजवळ आयसोलेटर नव्हता, म्हणजे वीज बंद करायला खाली जिन्याखालच्या बोर्डापर्यंत जायचं. तिथे त्याने स्विच पाडलाच, तरी 'एसी का बंद आहे' म्हणून कोणीतरी वेटर तो परत चढवणार नाही याची हमी काय? यावर जगभर एक साधा उपाय आहे: स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. शंभर-दोनशे रुपयांचं काम. आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरने उतरवायचा, स्क्रूड्रायव्हरने दोन टोकं जोडून ठिणगी पाडून नव्हे. गळती शोधायला सिलेंडर वापरायचा तो नायट्रोजनचा. ऑक्सिजनचा चुकूनही नाही, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. यातलं किती त्या पोराला कोणी शिकवलं होतं? त्याने सांगितलं, काम 'भाऊसोबत फिरून' शिकला.

आपल्या प्रेमाचं वाटप पण बघण्यासारखं आहे. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला 'जय' वाघ एप्रिल 2016 पासून दिसेनासा झाला तेव्हा आपण सगळे हळहळलो, आणि हळहळायलाच हवं होतं. पण छतावरून पडलेला किंवा शॉक लागलेला एसीवाला पेपरात चार ओळींचा असतो. आत वाघाला रेडिओ कॉलर, गेटबाहेर माणसाला साधा सेफ्टी बेल्ट नाही.

'तुम्ही फार ताणता, आजवर काही झालं नाही' असं सांगणारे भेटतात. झालंय हो. 9 एप्रिल 2021 ला नागपूरजवळ वाडीच्या एका खासगी हॉस्पिटलात आग लागली, सुरुवात आयसीयूच्या एसीपासून झाल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं, 4 जण गेले. दोनच आठवड्यांनी, 23 एप्रिलच्या पहाटे, विरारच्या हॉस्पिटलात 13 रुग्ण दगावले. तिथेही बोट आयसीयूच्या एसीकडे होतं. त्याच वर्षी 9 जानेवारीला नागझिऱ्याच्या शेजारी, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 10 नवजात बाळं गेली. तिथलं कारण एसी नव्हता, चौकशीत बाळांच्या वॉर्मरमधल्या ठिणगीकडे बोट गेलं. पण वीज खाणारं यंत्र चोवीस तास चालवायचं आणि त्याच्याकडे बघायला मात्र कोणी नाही, हा प्रकार तोच. दरवेळी बातमीत 'शॉर्ट सर्किट' एवढाच शब्द येतो. जणू ते वळवाच्या पावसासारखं आभाळातून पडतं.

महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली इमारतीच्या मालकाने दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. चांगला कायदा आहे. पण तो आग विझवायच्या यंत्रणेबद्दल विचारतो. छतावर टेप गुंडाळलेल्या दोन वायरींबद्दल विचारणारा सध्या तरी फक्त मालक असू शकतो, आणि मालकाला विचारणारे आपण.

मालकांची बाजू मी ऐकली आहे. ते म्हणतात, सीझन छोटा, खर्च मोठा, वार्षिक मेंटेनन्सचा ठेका सगळ्यात स्वस्त देणाऱ्यालाच द्यावा लागतो. पहिला भाग मान्य. पण स्वस्त ठेक्याचं गणितच असं आहे की ठेकेदाराला प्रत्येक फेरीत कमीत कमी वेळ छतावर घालवायचा असतो; फिल्टर धुवा, सही घ्या, पुढच्या साइटवर पळा. करंट मोजला का, दाब लिहिला का, अर्थिंग तपासलं का, काही नाही. आपल्या कंपन्यांत सर्व्हर पाच मिनिटं बसला तर रात्री तीनला फोन येतो, रूट कॉजवर दहा पानी रिपोर्ट होतो. हॉलच्या एसीचा दहावा ट्रिप झाला तरी 'रीसेट मारा'. आणि पैशाचंच बोलायचं तर एक हाय-प्रेशर स्विच एका जिप्सी सफारीपेक्षा स्वस्त आहे, तर जळालेला कॉम्प्रेसर अख्ख्या सीझनचा नफा खातो.

'जुगाड' या शब्दाचा आपल्याला वाटणारा अभिमानही आता आवरता घ्यायला हवा. बैलगाडीला टायर लावणं हा जुगाड. त्यात कोणाचा जीव टांगणीला लागत नाही. संरक्षण देणारी गोष्ट काढून टाकून यंत्र पळवणं याला दुसरं नाव आहे, ते आयपीसीत होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे: निष्काळजीपणा. यात त्या पोराला दोषी धरायला मी तयार नाही. त्याला फोन करणारा मॅनेजर, मॅनेजरला झापणारा पाहुणा, आणि पाहुण्याच्या एका ताऱ्याने घाबरणारा मालक, ही साखळी वरून खाली येते आणि सगळा भार शेवटच्या कडीवर.

माझं मागणं फार नाही. बुकिंग करताना फोनवर विचारा: एसीची शेवटची सर्व्हिस कधी झाली, रीडिंगची वही आहे का, छतावर कठडा आणि आयसोलेटर आहे का. दहा जणांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल. रिमोट 24 वर ठेवा. 2020 पासून नवे एसी याच आकड्यावर सुरू होतात, त्याला कारण आहे. 16 लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त थांबायचं विसरतो. आणि भर दुपारी एसी बंद पडला तर संध्याकाळपर्यंत पंख्याखाली बसा. पोराला चारनंतर वर जाऊ द्या.

मालकांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. पावसाळ्यात प्रकल्प बंद असतो तेव्हा युनिटं तीन महिने मुसळधार पावसात पडून राहतात. उंदीर-खारी वायरी कुरतडतात, गांधीलमाशा पॅनेलमध्ये पोळं करतात, लंगूर ड्रेनचे पाइप तोडतात (लंगुरांवर वेगळी पोस्ट लिहावी लागेल). शिवाय थांबलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस हळूहळू तेलात विरघळून बसतो. अशा यंत्राचा एकदम खटका दाबला की तेल फेसाळून बाहेर जातं आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. म्हणून मोठ्या युनिटांना क्रँककेस हीटर असतो, तो सुरू करण्याआधी बारा ते चोवीस तास चालू ठेवावा लागतो. गेट 1 ऑक्टोबरला उघडतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅनेल उघडून साफ करा, अर्थिंग मोजून घ्या, उन्हाळ्यात जोडलेल्या वायरी सोडवून नवा स्विच बसवा आणि 30 तारखेच्या सकाळी हीटर लावा. ज्या मुलाला वर पाठवाल त्याला बूट द्या.