भाकरीसाठी बाटले?

धुळ्याकडच्या एका लग्नातली गोष्ट. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर हात मारून आम्ही चार-पाच जण मांडवाच्या कडेला विडा जमवीत बसलो होतो. एका कादंबरीच्या निमित्ताने मी तेव्हा जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीची माहिती गोळा करीत होतो, आणि बोलण्याच्या ओघात ते नाव माझ्या तोंडून गेले. समोर एक वयस्क, चार बुके वाचलेले गृहस्थ सुपारी कातरीत होते. अडकित्ता न थांबवता ते म्हणाले, “मास्तर, त्यांचा कसला आलाय इतिहास? भाकरीसाठी बाटलेले लोक ते!”

सगळे हसले. तोंडात विडा होता म्हणून म्हणा, की सोयऱ्यांच्या मांडवात वाद नको म्हणून म्हणा, मी गप्प राहिलो. ते गप्प राहणे मला अजून सलते आहे. फराळाच्या ताटात हा एक कडू घास वाढतो. वाचकांनी राग मानू नये.

आमच्या खानदेशात भुसावळ-चाळीसगावकडे किंवा नवापूर-चिंचपाड्याकडे ज्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत, त्या दुसऱ्या मिशनांच्या. स्कॉटिश लोकांची प्रेस्बिटेरियन मंडळी खेड्यात कशी रुजली हे पाहायचे, तर अजिंठ्याचा घाट चढून, सिल्लोड-भोकरदन मागे टाकून जालन्याला जावे लागते. तिथे एकोणिसाव्या शतकात बेथेल वसले. ज्याने वसवले तो गोरा साहेब नव्हता. नारायण शेषाद्री नावाचा देशस्थ ब्राह्मण होता.

शेषाद्री हे आडनाव आपल्या सुशिक्षित वाचकांनी ऐकलेले असते, पण ते धाकट्या भावामुळे. १८४३ साली मुंबईत नारायणाने बाप्तिस्मा घेतला. बारा वर्षांचा श्रीपत त्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहिला. वडील सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला, आणि मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर रण माजले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली, प्रायश्चित्ताचा आग्रह धरला, ब्राह्मणवृंदात दोन तट पडले. बाळशास्त्र्यांचे चरित्र या प्रकरणावाचून पुरे होत नाही, आणि ते योग्यच आहे; त्या माणसाचे धैर्य मोठे होते.

माझा सवाल एवढाच आहे. परत आलेल्या भावावर आपण पानेच्या पाने लिहिली. न परतलेल्या भावाने पुढची अठ्ठेचाळीस वर्षे काय केले, याची चौकशी आपल्यापैकी कितीजणांनी केली? एक ब्राह्मणपुत्र जातीतून गेला, यात आपल्याला इतिहास दिसला. मांगवाड्यातली माणसे गावकुसाबाहेरून उठली आणि आपले गाव वसवून बसली, यात मात्र आपल्याला फक्त भाकरी दिसली!

नारायणाचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, काही महिने आधी, स्कॉटलंडमध्ये साडेचारशेहून अधिक पाळक सरकारमान्य चर्च सोडून बाहेर पडले होते. भांडण कशाचे? गावचा जमीनदार आपल्या मर्जीतला पाळक मंडळीच्या डोक्यावर बसवी, तो नाकारण्याचा हक्क मंडळीला हवा होता. घर आणि पगार सोडून त्यांनी ‘फ्री चर्च’ उभे केले. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन त्यांना मिळाले आणि नारायणरावही त्याच घरचे झाले. या पंथात बिशप नाही. ‘प्रेस्बिटर’ म्हणजे ग्रीक भाषेत वडील. मंडळीने आपल्यातूनच वडील निवडायचे, त्यांनी पाळकाबरोबर बसून कारभार पाहायचा. आपल्याला पंचायत नवी नाही. पण ज्या पंचायतीत मांग पंच म्हणून बसेल, अशी पंचायत त्या काळी कोणत्या पाटलाच्या ओट्यावर भरत होती ते मला कोणी दाखवावे.

१८५४ साली नारायणराव पाळक झाले आणि १८६०च्या पुढे जालना हीच त्यांची कर्मभूमी झाली. मुलूख निजामाचा. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याच्या छावणीपासून थोड्या अंतरावर बेथेल उभे राहिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. तेथे येऊन राहिले त्यांत मांग बहुसंख्य होते.

मांगाचे गावातले काम काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी वाजवणे. विहिरीवरच्या मोटेचा नाडा मांगाने वळलेला असे. त्या नाड्याने वर आलेले पाणी मात्र त्याच्या ओंजळीत वरून ओतावे लागे. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, हा रोजचा व्यवहार होता. जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ज्याने वाचला असेल त्याला माझ्या साक्षीची गरज नाही. जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला १८६८ साली. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह व्हायला १९२७ उजाडले.

अशा दिवसांत बेथेलच्या देवळात प्रभुभोजनाचा विधी होई. भाकर मोडून सर्वांनी वाटून खायची, आणि प्याला एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. मराठी बायबलात शब्दही ‘भाकर’ असाच आहे. देशस्थ ब्राह्मणाच्या हातून मांगाच्या हातात आणि मांगाच्या ओठांवरून पुढच्या ओठांवर! भाकरीसाठीच गेले म्हणता ना? होय, गेले. अशी भाकरी गावात कोणी वाढली असती, तर ते गावातच राहिले असते.

आणि पोटाच्या भाकरीचा हिशेबही करू. १८७६ ते १८७८ या दुष्काळात मिशनने धान्य दिले आणि माणसे मंडळीत आली, हे दख्खनमध्ये ठिकठिकाणी घडले. मी ते नाकारत नाही. पण १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती गेली, राखीव नोकरी गेली, निवडणुकीतली राखीव जागा गेली. भाकरी आता पलीकडच्या ताटात होती. मग हे भाकरीचे लोभी लोक रांगा लावून परत का गेले नाहीत? पणजोबाने जे धान्यासाठी घेतले असे तुम्ही म्हणता, ते पणतू नुकसान सोसून का सांभाळतो? माझ्या सुपारीवाल्या मित्राने याचे उत्तर द्यावे. अडकित्ता खाली ठेवून द्यावे.

मिशनरी सगळे धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही. त्यांचे अहवाल स्कॉटलंडच्या वर्गणीदारांसाठी लिहिलेले; त्यांत माणसांचे आकडे होतात आणि नावे गळतात. नारायणराव १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत गेले तर तिकडे त्यांच्या पागोट्याचेही कौतुक झाले. बेथेलच्या विहिरी ज्यांनी खणल्या, त्यांचे कौतुक करायला कोणी बोटीत बसून आले नाही. जात देवळाच्या दाराशी चपलांबरोबर राहिली असेही नाही. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या सोयरिकी जमवताना आजही काय काय होते, ते ख्रिस्ती वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ही तक्रार त्यांच्यावर करावी आणि आपण मात्र हसत विडा चघळावा, हे मला जमणार नाही.

१८९१ मध्ये नारायणरावांना समुद्रप्रवासात मृत्यू आला. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत एक झाल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा ज्यांना बिशप नको होता त्यांनाही तो पत्करावा लागला. या तारखा कोणत्याही ग्रंथालयात मिळतात. ज्या मला हव्या आहेत त्या तिथे मिळत नाहीत: मंडळीच्या पहिल्या मांग वडिलाचे नाव काय, पहिली मुलगी शाळेत कोणत्या साली बसली, दुष्काळात कोणाच्या घरची किती माणसे गेली. हे सारे बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत, मंडळीच्या जमाखर्चात, आजीच्या बायबलाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलेले असते.

म्हणून बेथेल-जालन्याकडचे कोणी, किंवा तिकडून आमच्या भुसावळला रेल्वेत नोकरीला आलेल्या घराण्यातले कोणी हा अंक वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. दिवाळीची झाडलोट करताना माळ्यावरच्या ट्रंकेत जुनी वही सापडली, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. पाने सुटली असली तरी चालतील. मोडी अक्षर असले, तर मला वाचता येते.