कान वाजतो म्हणून बीपीची गोळी सोडू नका

"डॉक्टरसाहेब, ते गोळी घेतली का कान वाजते, म्हनून म्या बंदच केली." मेडशी आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की कोणी कानाकडे बोट दाखवून बोलायला लागलं की माझा हात आधी बीपीच्या मशीनकडे जातो. वरचा आकडा बहुधा १७० च्या पुढेच निघतो.

उलट बोलणारेही आहेत. "आज कान वाजत नाही, म्हणजे बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?" दोघंही एकच चूक करतात. कानाला विचारून गोळी घेतात. कान हे बीपी मोजायचं यंत्र नाही. १८० बीपी असलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि १२० बीपी असलेल्या माणसाच्या कानात रात्रभर रातकिडे किरकिरू शकतात. बीपी कळतो तो फक्त दंडाला पट्टा बांधून.

आता गोळीवरच्या आरोपाचं बघू. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. बीपीसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे अम्लोडिपिन. तिच्या माहितीपत्रकात कान वाजण्याची नोंद आहे, पण ती शंभरात एकाहूनही कमी रुग्णांमध्ये. याउलट गोळी न घेणाऱ्या साध्या लोकांमध्ये कान वाजण्याचा त्रास साधारण दर सात प्रौढांमागे एकाला असतो आणि वयाबरोबर तो वाढत जातो. बीपीची गोळी सुरू होते कधी? पन्नाशीच्या आसपास. कान वाजायला लागतात कधी? त्याच सुमारास. एकाच एसटीत बसलेले दोन प्रवासी एकमेकांचे नातेवाईक असतातच असं नाही.

"पण साहेब, दोन दिवस गोळी बंद केली तर कान शांत झाला," असं सांगणारे भेटतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अम्लोडिपिन शरीरात फार सावकाश कमी होतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात आणि पूर्ण निघून जायला आठ-दहा दिवस. दोन दिवसांनी तुमचा कान शांत झाला तेव्हा औषध अंगात होतंच. कान वाजणं मुळातच कमी-जास्त होत राहतं, झोप झाली की कमी, जागरण झालं की जास्त. श्रेय मात्र गोळी सोडण्याला मिळतं. आणि औषध हळूहळू उतरत असल्यामुळे बीपीही लगेच चढत नाही. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय ठणठणीत आहे. गोळी सोडल्यावर काही महिन्यांनी तोंड वाकडं झालेल्या, एक हात लुळा पडलेल्या अवस्थेत पातूरमार्गे अकोल्याला न्यावे लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. लकवा येण्याआधी कान वाजून सूचना देत नाही.

मग खरा आरोपी कोण? मी रुग्णाला सगळी औषधं पिशवीसकट टेबलावर ओतायला सांगतो. बीपीच्या एका गोळीच्या पट्टीबरोबर तिथे दुखण्याच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या निघतात. सोयाबीनची सोंगणी, निंदण, कंबर दुखली, गुडघा दुखला, घे डायक्लोफेनॅक. तीही रोज, महिनोन्‌महिने, कोणाला न विचारता. दुखण्याच्या या जातीच्या गोळ्या कान वाजवू शकतात. ॲस्पिरिन मोठ्या डोसमध्ये घेतलं तर हमखास वाजवतं. (हृदयासाठी दिलेली ७५ मिलिग्रॅमची छोटी गोळी वेगळी, ती सोडू नका.) त्यात गंमत अशी, की याच गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा असरही कमी करतात. म्हणजे कानही तिनेच वाजवला, बीपीही तिनेच चढवला, आणि घराबाहेर काढलं कोणाला? अम्लोडिपिनला.

जेंटामायसिन आणि अमिकासिन ही इंजेक्शनं आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारू शकतात आणि त्या पेशी परत उगवत नाहीत. जीवघेण्या जंतुसंसर्गात ती द्यावीच लागतात. पण साध्या तापाला "एक सुई ठोका" म्हणणारे रुग्ण आणि लगेच ठोकणारे, दोघांनाही माझा विरोध आहे. पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन घेतलेल्यांनी ते डॉक्टरांना आठवणीने सांगावं. बीपीच्या औषधांपैकी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड कानाला त्रास देऊ शकतं, पण ते मुख्यतः शिरेतून मोठ्या डोसमध्ये आणि किडनी कमजोर असताना.

आणि डीजे! लग्नात छातीत धडकणाऱ्या भोंग्यासमोर तीन तास नाचायचं, हंगामात थ्रेशरशेजारी दिवसभर उभं राहायचं, आणि कान वाजला की दोष गोळीला. आवाजाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आपल्या वरातींनी हे आकडे ऐकले असतील असं वाटत नाही, ऐकू आले तर ना!

माझा खरा राग मात्र दुसऱ्या गोळीवर आहे. कान वाजतो, झोप लागत नाही, जीव घाबरतो, अशी तक्रार आली की चिठ्ठीवर अल्प्राझोलम लिहायची आमच्या व्यवसायातली सवय. पहिले आठ-पंधरा दिवस रुग्ण खूश असतो. आवाज गेलेला नसतो, त्याची फिकीर गेलेली असते. पुढे डोस पुरेनासा होतो. या गोळीचा असर काही तासांत उतरतो, आणि महिनोन्‌महिने घेतलेली ती एकदम बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, कान पूर्वीपेक्षा जोरात वाजतात, क्वचित झटकेही येतात. रुग्ण म्हणतो, "बघा, गोळी सोडली की कान वाजतो, म्हणजे गोळी हवीच." कान वाजवणारी आणि शांत करणारी गोळी तीच झाली! २०१४ पासून अल्प्राझोलम एच-वन यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवायची असते. तरी जुनी रिकामी पट्टी दाखवून ती मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच स्पष्ट सांगितलं, की कान वाजण्यावर उपाय म्हणून चिंतेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. ज्याला खरोखर नैराश्य आहे त्याला ती औषधं द्यावीतच. तीही कधी कधी कानात आवाज आणतात, तेव्हा डॉक्टरांना सांगावं, परस्पर सोडू नये.

जे रोज ही झोपेची गोळी घेत आहेत त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून ती फेकू नये. ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी उतरवायची असते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बीपी किंवा हृदयासाठी अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांनाही एकदम थांबणं धोक्याचं.

"हे काही नाही, वयाचं आहे," म्हणून रुग्णाला वाटेला लावणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. रात्री गाव झोपल्यावर डोक्यात शिट्टी वाजणाऱ्याला ते 'काही नाही' नसतं. त्याचा कान आधी तपासा, कित्येकदा मळाचा बोळा निघतो. (तेल आणि आगपेटीची काडी कानात घालू नका.) हिमोग्लोबिन बघा, विशेषतः बायांचं. बीपी सलग काही दिवस मोजून वहीत लिहा. ऐकू कमी येत असेल तर ऐकण्याची तपासणी करा, कारण अनेकांचा त्रास श्रवणयंत्राने कमी होतो. रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा बारीक आवाज ठेवला तर झोप सोपी जाते. आवाजाशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा फायदा झोपेच्या गोळीपेक्षा जास्त टिकतो. आणि एवढं करूनही संशय अम्लोडिपिनवरच असेल, तर मी दुसऱ्या गटातली गोळी देतो आणि दोन-तीन आठवडे वाट बघतो. गोळी बदलायची असते, बंद करायची नसते.

थांबायचं नाही ते मात्र पुढच्या वेळी. एकाच कानात आवाज येतो, नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप होतं, चक्कर येऊन तोल जातो, किंवा एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं. अचानक बहिरेपणात उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. तेव्हा सोंगणी आटोपायची वाट न बघता वाशिमचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार गाठा, आणि जाताना ती औषधांची पिशवी सोबत न्या, दुखण्याच्या गोळ्यांसकट.