दोनच दिवसांचा तर प्रश्न!

शुक्रवारी सायंकाळी कार्यालयातून घरी यायचे, गाडीत दोन पिशव्या टाकायच्या, निघायचे आणि रविवारी रात्री परतायचे, ही सहलीची नवी रीत आता आपल्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. मुंबई-पुण्याची कुटुंबे अलिबाग, महाबळेश्वर गाठतात, इंदूरची मांडूला जातात, बंगळूरची कूर्गला आणि दिल्लीची मसुरीला. कामाच्या रगाड्यातून दोन दिवसांची सुटका हवीच; तिच्याविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती निघताना दाराशी उच्चारल्या जाणाऱ्या एका वाक्याविषयी. "दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे!"

मे महिन्यात तीन-चार आठवड्यांसाठी गावी जाणारे कुटुंब पाहा. दूधवाल्याला आणि वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलाला आठवडाभर आधी सांगितले जाते. गॅस बंद, पाण्याचा मुख्य नळ बंद, खिडक्यांच्या कड्या दोनदा तपासून झालेल्या. दागिने लॉकरमध्ये, एक किल्ली भावाकडे, शेजारच्या काकूंना दूरध्वनी क्रमांक दिलेला. तेच कुटुंब ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी निघते तेव्हा यांतले काहीच करीत नाही. दार ओढून घेतले, कुलूप लावले, एकदा ओढून पाहिले, झाले. आपली खबरदारी प्रवासाच्या लांबीवर ठरते आणि चूक नेमकी येथेच आहे, असे माझे मत आहे. घर फोडण्यास चोराला महिना लागत नाही. अर्धा-पाऊण तास त्याला पुरतो. त्याला हवी असते ती एकच खात्री, की या अर्ध्या-पाऊण तासात कोणी परत येणार नाही. ही खात्री महिनाभराच्या प्रवासापेक्षा शनिवार-रविवारी अधिक सहज मिळते, कारण त्या दोन दिवसांत मजल्यावरची चारांपैकी तीन बिऱ्हाडे बाहेरगावी असतात आणि उरलेल्या एकाला वाटते की सगळे घरातच आहेत.

घर रिकामे आहे हे चोराला कोणी सांगावे लागत नाही, घरच ते सांगते. दाराच्या कडीत खोचलेले शनिवारचे वृत्तपत्र रविवारी तेथेच असते. दुधाची पिशवी दुपारपर्यंत लोंबकळत राहते. उंबऱ्यावर रोजची रांगोळी नसते. गॅलरीतले कपडे पावसात भिजतात, वाळतात आणि पुन्हा भिजतात. पुष्कळ मंडळी चोरांना चकवण्यासाठी व्हरांड्यातला दिवा लावून जातात. हा दिवा शुक्रवारच्या रात्रीपासून रविवारच्या रात्रीपर्यंत अखंड तेवत राहतो आणि भर दुपारी जळणारा दिवा हीच घर बंद असल्याची सर्वांत स्वच्छ खूण ठरते. हल्ली त्यात समाजमाध्यमांची भर पडली आहे. घाटातल्या धबधब्यासमोर सहकुटुंब उभे राहून काढलेले छायाचित्र घाट उतरण्याच्या आतच दोनशे ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या लोकांपर्यंत पोहोचलेले असते. छायाचित्र सोमवारी टाकले तरी धबधबा तोच असतो.

आता कुलपाकडे वळू. आपल्या वृत्तपत्रांत घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला. वर्षानुवर्षे वाचून आपले त्याकडे लक्ष जात नाही. पण सुरक्षिततेचा सगळा धडा त्या एका शब्दात आहे. बातमीत कुलूप फोडल्याचे क्वचितच लिहिलेले असते. तुटतो तो कोयंडा. सात लिव्हरचे भारी कुलूप आपण हौसेने आणतो आणि ते दोन बोटभर स्क्रूंनी चौकटीला बसवलेल्या पत्र्याच्या कोयंड्यात अडकवतो. पहारीच्या एका हिसक्याने कोयंडा स्क्रूंसकट बाहेर येतो. कुलूप बिचारे शाबूत राहते आणि पंचनाम्यात जमा होते. तेव्हा खर्च करायचाच तर आधी चौकटीवर करावा, दाराच्या जाडीवर करावा, लांब स्क्रूंवर आणि मजबूत बिजागऱ्यांवर करावा. दाराच्या आतच बसणारे, बाहेरून फक्त किल्लीचे छिद्र दिसणारे कुलूप आणखी एका कारणासाठी चांगले : दाराबाहेर लोंबणारे कुलूप जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की आत कोणी नाही. हे नवे कुलूप तसे सांगत नाही. मागच्या दाराला, न्हाणीघराच्या झडपेला आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीला हाच न्याय लावावा. पुढच्या दाराला जाळीचे दुसरे दार आणि मागे नुसती एक खिटी, असा थाट पुष्कळ घरांत असतो. किल्लीविषयी तर लिहायलाही संकोच वाटतो. पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, चपलांच्या कपाटात, विजेच्या मीटरच्या पेटीत : या चार जागा प्रत्येक घरमालकाला गुप्त वाटतात.

परंतु दार कितीही भक्कम केले तरी चोर आत आल्यावर त्याला काय मिळणार, हा प्रश्न उरतोच, आणि बँकेचा संबंध येथे येतो. गुरुवारी किंवा शुक्रवारी घरात लग्न असते. त्यासाठी लॉकरमधून पाटल्या, तोडे, मोहनमाळ बाहेर काढलेली असते. कार्य पार पडते, लगेच शनिवार येतो. १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टीचा आहे. रविवार तर आहेच. म्हणजे दागिने सोमवारपर्यंत घरात. लग्नाच्या दगदगीनंतर मंडळी त्याच शनिवारी कोठेतरी हवापालटाला जातात. वर्षभर बंदोबस्तात असलेले सोने वर्षातले जे दोन-तीन दिवस बाहेर असते, त्याच दिवसांत घर बंद, असा हा योग जुळून येतो. दागिने साड्यांच्या घडीत ठेवावेत की तांदळाच्या डब्यात, यावर घरात चर्चा होते. या दोन्ही जागा चोराला आपल्याइतक्याच ठाऊक असतात आणि कपाटाची किल्ली कपाटावरच असते हेही. यावर उपाय एकच : कार्याची तारीख ठरली की त्याच वेळी दिनदर्शिकेत बँकेच्या कामाचा पुढचा दिवसही पाहून ठेवावा आणि तोपर्यंत घर बंद करू नये. सहल एका आठवड्याने पुढे गेल्याने महाबळेश्वर कोठे जात नाही.

लॉकरबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण बँकेच्या नियतकालिकात बँकेची केवळ स्तुती छापून ग्राहकाचे भले होत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकरच्या बाबतीत बँकांना हात झटकता येणार नाहीत असे बजावले आणि रिझर्व्ह बँकेस सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. त्यानुसार ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, घरफोडी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींइतकी. भाडे ३,००० रुपये असेल तर ही रक्कम ३ लाख रुपये होते. आजच्या सोन्याच्या भावात हा आकडा मोठा नाही, हे मान्य करावे लागेल. लॉकरमध्ये काय ठेवले आहे ते बँकेला ठाऊक नसते आणि बँक त्याचा विमाही उतरवीत नाही. तरीही, लॉकर उघडला की त्याच दिवशी ग्राहकाला संदेश पाठवण्याचे बंधन, पोलादी दाराची तिजोरी, दोन किल्ल्या आणि चोवीस तासांची राखण यांची तुलना आपल्या कपाटाशी करून पाहावी.

विम्याचा गैरसमज याहून मोठा आहे. गृहकर्ज घेतलेले अनेक ग्राहक समजतात की कर्जासोबत घराचा विमा उतरवला आहे, त्यात चोरीही आलीच. बहुधा आलेली नसते. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांनी द्यावयाची 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आग, वादळ, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरीचा उल्लेख आहे, पण तो अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत त्या संकटाचा फायदा घेऊन झालेल्या चोरीपुरता. शांतपणे कोयंडा उचकटून झालेली घरफोडी तिच्यात बसत नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यातही मेख आहे. अशा पॉलिसीत घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून केलेला प्रवेश, अशी व्याख्या सामान्यतः असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच व्याख्या ग्राह्य धरली : बळाचा वापर झालेला नसेल तर पॉलिसीच्या अर्थाने ती घरफोडी नव्हे. कुंडीतली किल्ली काढून चोर सरळ दाराने आत आला, तर त्याने काय उचकटले हे विमा कंपनीला कसे दाखवणार? रोख रक्कम आणि दागिने यांवर मर्यादा असतात, दीर्घकाळ बंद राहिलेल्या घरासंबंधी अटी असतात. पॉलिसीची ती बारीक अक्षरातली पाने एकदा चष्मा लावून वाचावीत. न समजल्यास शाखेत येऊन विचारावे, त्यात कमीपणा नाही.

सोन्याइतकाच धोका कागदांतही असतो. टेबलाच्या खणात सही करून ठेवलेले कोरे धनादेश, पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहिलेला एटीएमचा गुप्त क्रमांक, कार्डाच्या पाकिटातच ठेवलेली चिठ्ठी. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाला मोठे संरक्षण दिले. परंतु ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जे नुकसान होते, ते बँकेला कळवीपर्यंत ग्राहकालाच सोसावे लागते, हे त्यातच म्हटले आहे. गुप्त क्रमांक कार्डाशेजारी लिहून ठेवणे याला दुसरे काय म्हणणार?

या सगळ्याहून स्वस्त आणि परिणामकारक बंदोबस्त शेजारी राहतो. चाळींच्या आठवणी काढून गहिवरण्याचा माझा हेतू नाही. चाळीत घरे सुरक्षित होती ती प्रेमामुळेच असे नव्हे, गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला "कोण पाहिजे?" असे विचारणारे एक तरी चौकशीखोर माणूस दाराशी बसलेले असे, म्हणून होती. सदनिकेत आल्यावर त्या चौकश्यांपासून सुटलो याचा आपल्याला आनंद झाला आणि सोसायटीने तीच चौकशी पगारी सुरक्षारक्षकावर आणि कॅमेऱ्यांवर सोपवली. कॅमेरा चोर कसा दिसत होता ते नंतर सांगतो. पायपुसण्यावरचे वृत्तपत्र उचलून घेत नाही. ते काम शेजाऱ्याचे. "शनिवार-रविवार आम्ही नाही, दाराकडे लक्ष असू द्या," एवढे सांगायला अर्धा मिनिट लागतो. पुढच्या शनिवारी त्यांच्या दाराकडे आपण पाहावे.

येथे एक कटू गोष्ट नोंदवतो. घर फुटले की पहिले बोट धुणेभांडी करणाऱ्या बाईंकडे नाही तर रखवालदाराकडे वळते. पुराव्याची वाट कोणी पाहत नाही. दहा वर्षे इमानाने काम केलेल्या बाईला पोलीस चौकीत बसवून ठेवले जाते, आणि पुढे चोर परगावचा निघाला तरी त्या इमारतीत तिला पुन्हा काम मिळत नाही. आपला ऐवज कदाचित परत मिळेल, तिची अब्रू मिळत नाही. म्हणून घराच्या किती किल्ल्या आहेत आणि कोणती कोणाकडे, याचा चोख हिशेब ठेवणे हे आपल्याइतकेच तिच्याही हिताचे आहे. कामाला ठेवताना ओळखपत्राची प्रत घ्यावी, आणि नंतर माणसावर विश्वास ठेवावा.

पोलिसांची मदतही आपण गुन्हा घडण्यापूर्वी घेत नाही. केरळ पोलिसांच्या 'पोल-अॅप'वर बंद घराची आगाऊ नोंद करता येते. आंध्र प्रदेशात पोलिसांनी बंद घरांत हालचाल टिपणारे कॅमेरे बसवून देण्याची योजना राबवली. त्या राज्यांत राहणाऱ्या आपल्या मराठी ग्राहकांनी तिची चौकशी अवश्य करावी. अन्यत्र निदान आपल्या ठाण्याचा क्रमांक जवळ असावा. परतल्यावर दार उघडे दिसले तर आत धावत जाऊ नये. चोर आत असू शकतो आणि नसला तरी त्याच्या हाताचे ठसे असतात. बाहेरूनच ११२ क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. धनादेश पुस्तिका किंवा कार्डे गेली असतील तर सोमवारची वाट न पाहता, रविवारी रात्रीच बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवून ती बंद करावीत.

शेवटी आपल्या सहकाऱ्यांसाठी दोन शब्द. दुसऱ्या वा चौथ्या शनिवारच्या आधीच्या शुक्रवारी, वेळ संपायला दहा मिनिटे असताना, हातात कापडी पिशवी घट्ट धरून एखाद्या आजी लॉकरसाठी येतात. त्या काय घेऊन आल्या आहेत हे आपल्याला सांगत नाहीत आणि आपणही विचारायचे नसते. त्यांना "आता सोमवारी या" असे सांगू नये. लॉकर कक्षाची किल्ली घेऊन उठावे.