ट्यूलिपचे मुद्दल

आपल्यापैकी बहुतेकांनी ट्यूलिप पहिल्यांदा पाहिले ते सिनेमाच्या पडद्यावर. १९८१ साली ‘सिलसिला’ आला आणि हॉलंडमधल्या केकेनहॉफ बागेतील त्या रंगीत पट्ट्या गावोगावच्या थिएटरांत पोचल्या. पुढे २००७ साली श्रीनगरला, दल सरोवराजवळ झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची मोठी बाग खुली झाली. मार्च-एप्रिलात काश्मीरला जाऊन आलेली मंडळी फोटो दाखवतात आणि मग घरातले कुणीतरी विचारतेच : हे आपल्या अंगणात येईल का?

आरमोरीत हा प्रश्न मला एका शाळकरी मुलीने विचारला. मी तोंड उघडण्याआधीच तिच्या आजोबांनी उत्तर देऊन टाकले, “आपल्याकडे नाही येत ते, बेटा.” वैनगंगेच्या या तीरावर हे वाक्य फार स्वस्त झाले आहे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्याच्या आधीपासून आम्ही ते ऐकत आलो. कधी डॉक्टरबद्दल, कधी पुस्तकांच्या दुकानाबद्दल. इतके की आता आम्हीच ते आमच्या नातवंडांना ऐकवतो. म्हणून निदान फुलाच्या बाबतीत तरी तिला पुरते उत्तर मिळावे असे मला वाटले. आणि पुरते उत्तर ‘नाही’ असे नाही.

ट्यूलिप मूळचे मध्य आशियातील डोंगरांचे. तिथला उन्हाळा कोरडा, हिवाळा बर्फाचा. उन्हाळाभर कंद जमिनीत झोपलेला दिसतो, पण त्याच वेळी त्याच्या पोटात पुढच्या वर्षीची कळी घडत असते. मग साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी मिळाली, तरच दांडा नीट उंचावतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो खरा, पण दुपारी ऊन पुन्हा अंगाला लागतेच. कंदाला वाटते, हिवाळा अजून यायचा आहे.

तो हिवाळा फ्रीजमध्ये देता येतो. सप्टेंबरअखेर कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावेत. शेजारी सफरचंद-केळी मात्र नकोत; पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि आतली कळी जागीच मरते. जानेवारीच्या आरंभी कुंडीत, पाणी न साचणाऱ्या मातीत, कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावावेत. दुपारची सावली हवी. फेब्रुवारीत फूल यायला हरकत नाही. दांडा आखूड राहील, फूल काश्मीरइतके टिकणार नाही, पण येईल.

खरी अडचण फुलानंतर सुरू होते. फुलण्याच्या खटाटोपात जुना कंद संपून जातो. त्याच्या जागी नवे कंद धरतात, ते पानांच्या कमाईवर. त्यासाठी पाने पुढे कित्येक आठवडे थंड हवेत हिरवी राहावी लागतात. इथे मार्च उजाडला की पाने पिवळी. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंश ओलांडतो, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगायला नको. हाती उरतात लसणाच्या कुड्यांएवढे कंद. माझे आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला याचा हिशेब चटकन कळतो : फूल आले ते मुद्दलातून, व्याजातून नव्हे. पुढच्या वर्षी मुद्दल पुन्हा भरा. राजधानीतल्या रस्त्यांच्या कडेला वसंतात ट्यूलिप फुलतात, त्यांचेही कंद नवी दिल्ली नगरपालिका परिषद हॉलंडहून मागवते. (त्याच हॉलंडात १६३७ च्या फेब्रुवारीत कंदांचे भाव कोसळले. जमिनीत पुरलेल्या कंदांच्या नुसत्या चिठ्ठ्या हातोहात विकल्या जात होत्या. अशा तारणावर आमच्या शाखेने छदामही दिला नसता!)

परके फूल म्हणून ट्यूलिपला नाक मुरडायचे कारण नाही. निशिगंध आणि झेंडू मेक्सिकोकडचे. आज त्यांच्यावाचून आपला गणपती-दसरा होत नाही. ती झाडे इथल्या उन्हात कमावून खातात, एवढाच फरक. मे महिन्यात तापल्या जमिनीतून एकाएकी लाल चेंडू वर काढणारी फुटबॉल लिलीसुद्धा आफ्रिकेची आहे.

मुलीने फ्रीजचा प्रयोग जरूर करावा. पाच कंद पुरेत. थंडीविना कळी का अडते, हे तिला त्यातून पुस्तकापेक्षा लवकर कळेल. पण त्याच सांदवाडीत, कुंपणाला लागून, तिने भुईचाफाही लावावा. त्याचा कंदही हिवाळाभर झोपतो, पण त्याला जाग येते ती उन्हाळा सरता सरता, वळवाच्या सरीने. पान दिसण्याआधी उघड्या मातीतून जांभळी-पांढरी फुले वर येतात आणि खालचे कंद दरसाल वाढत जातात. कळलावीचा वेल चढवायचा असेल तर कुणा मोठ्या माणसाने लावावा. ज्वाळेसारखी तिची फुले पावसाळ्यात फार देखणी दिसतात, पण तिचा कंद जहाल विषारी असतो, आणि घरात लहान मुले वा शेळ्या असतील तर तिच्या वाटेला न गेलेलेच बरे.