चार चाकं आणि एकच नळी

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. हिवाळाभर हाताला ग्रीस होतं, म्हणून कीबोर्डला हात लावला नाही (ही सबब. खरं कारण आळस). मध्यंतरी आत्याचा फोन आला होता. तिला कुठूनतरी कळलं होतं. "अरे, तिकडं नवीन गाड्या मिळत नाहीत का?" मिळतात, आत्या. पण ऐक.

तर मंडळी, आमच्या गॅरेजमध्ये गेल्या ऑक्टोबरपासून एक पाहुणी मुक्कामाला आहे. १९६६ सालची पॉन्टिअक जीटीओ. अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात त्या जातीतली. ही जात सुरू झाली तीच मुळी थोड्या चावटपणातून. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत फार मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअकच्या मंडळींनी (जॉन डीलोरियन त्यातलेच) १९६४ साली टेम्पेस्ट नावाच्या साध्यासुध्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन 'ऑप्शन' म्हणून देऊन टाकलं. नाव सरळ फेरारीकडून उचललं. १९६६ साली जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि त्या एका वर्षात जवळजवळ ९७ हजार खपल्या. पुढे २०१० साली पॉन्टिअक हा ब्रँडच बंद झाला.

मी राहतो डेट्रॉईटच्या एका उपनगरात. पॉन्टिअक नावाचं गाव इथून जवळ. ज्या आजोबांकडून गाडी घेतली त्यांची सगळी नोकरी मोटारीच्या कारखान्यात झालेली. गाडी त्यांच्या गॅरेजात चारही टायर बसलेल्या अवस्थेत कित्येक वर्षं उभी होती. चासी नंबर २४२ ने सुरू होतो हे आधी पाहून घेतलं, कारण ६६ सालच्या खऱ्या जीटीओची ती खूण. साध्या ल मान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकणारे पुष्कळ भेटतात.

गंज मात्र खरा होता, त्यात काही बनावट नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गंमत अशी की डेट्रॉईट शहराच्या खाली, सुमारे १२०० फुटांवर, मिठाची खाण आहे. वर गाड्या करायच्या आणि खालच्या मिठाने त्या खायच्या! माझ्या गाडीच्या पायाखालचा पत्रा आणि डिकीचा तळ मिठाने खाल्लेला होता. पत्रा मी एका अनुभवी वेल्डरकडून बदलून घेतला. जे येत नाही ते येत नाही.

बाकीचं स्वतः. बाहेर उणे पंधरा, आत एक हीटर, आणि पाना हातात धरला की बोटं पान्यालाच चिकटतात की काय असं वाटतं. प्रत्येक बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत, वर चिकटपट्टी, त्यावर लेकीच्या अक्षरात नाव. तिचं वय अकरा, अक्षर माझ्यापेक्षा बरं.

आता मुद्द्यावर येतो. कबुलीजबाबच आहे हा.

मी सुरुवात इंजिनापासून केली. साहजिक आहे हो. ३३५ अश्वशक्तीचं व्ही-८ समोर असताना ब्रेकची चौकशी कोण करतो? कार्ब्युरेटर उघडला, पॉइंट बदलले, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या काढल्या (आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये त्या टिकत नाहीत), इंजिनाला पॉन्टिअकचा फिकट निळा रंग दिला. जानेवारीत इंजिन सुरू झालं. त्या आवाजाचं वर्णन करत नाही. शेजाऱ्यांनी केलंय, ते छापण्यासारखं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ऊन पडलं. लेक म्हणाली, "बाबा, फक्त रस्त्यापर्यंत." आमच्या घरापुढचा उतार सरळ रस्त्यावर उतरतो. गाडी रिव्हर्समध्ये टाकली, उतारावर ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबला. पुन्हा तळाला. पार्किंग ब्रेक दाबला, त्याची केबल गंजून गेलेली. गाडी मागे मागे जात रस्ता ओलांडून समोरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसली आणि थांबली. रविवार होता, रस्ता रिकामा होता. एवढंच आमचं नशीब. लेक हसत होती. तिला वाटलं, हा खेळातलाच भाग.

मागच्या एका चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. एवढंसं रबर, पण ६६ सालच्या या गाडीत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा. एका चाकाचं ब्रेक ऑईल गळालं की चारही चाकांचा दाब संपला. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगळे कप्पे या गाडीला आले ते पुढच्या वर्षी, ६७ च्या मॉडेलला.

संध्याकाळी मिरजेला अण्णांना व्हिडिओ कॉल केला. अण्णांची हयात एसटीच्या डेपोत गेली, वर्कशॉपमध्ये. मला वाटलं, बर्फात गाडी घुसल्याची गोष्ट ऐकून हसतील. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरगी कुठं बसली होती?"

मी सांगितलं. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो रे." पुढचं वाक्य त्यांनी बोललंच नाही, आणि मलाही बोलायला लावू नका.

बायको म्हणाली, विकून टाक. तिचं चूक नव्हतं.

मी विकली नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर घातला, पुढे डिस्क ब्रेक बसवले, चारही बाजूंच्या लोखंडी नळ्या नव्या केल्या, पार्किंग ब्रेकची केबल बदलली. जुने ड्रम काढताना आतली धूळ हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. समोर फक्त कमरेचे पट्टे होते, तिथे वेल्डरकडून मजबुती करून खांद्यावरचे पट्टे बसवले.

यावर इथल्या जाणकारांनी मला वेड्यात काढलं. मूळपण गेलं, किंमत गेली, म्हणे. एक गृहस्थ तर गाडीभोवती फिरून, मयताला आल्यासारखे हळहळून गेले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जगात एकच उरलेली वस्तू असेल तर तिला हात लावू नका, संग्रहालयात ठेवा. पण ज्या गाडीत माणसं बसणार आहेत, तिचा 'मूळपणा' माणसांपेक्षा मोठा नाही. १९६५ साली राल्फ नेडर यांनी मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहून कंपन्यांची झोप उडवली, १९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. म्हणजे माझी गाडी बनत होती तेव्हाच ती पुरेशी सुरक्षित नाही हे लोकांना कळलं होतं. त्यांची चूक मी साठ वर्षांनी श्रद्धेने का जपायची?

आपल्याकडे वाडे दुरुस्त करतात तेव्हा जुनी वायरिंग 'मूळची आहे' म्हणून कुणी ठेवतं का? आणि उलट बाजूही आहेच. दगडी देवळांना ऑईलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणतात, तेही मला पटत नाही. म्हणून इंजिन तेच ठेवलंय. ड्रायव्हरच्या सीटवरची चीर तशीच आहे. दारावर मूळ रंग विटलाय, त्यावर नवा चढवला नाही. जे दिसतं ते जुनं राहू द्यावं, ज्यावर जीव अवलंबून आहे ते बदलावं. इतका साधा हिशेब.

आणि हो, तरी ही गाडी आजच्या गाडीइतकी सुरक्षित झालेली नाही. स्टिअरिंगचा दांडा आजही सरळ छातीकडे रोखलेला आहे. म्हणून हायवेवर नेत नाही, आणि पावसात तर मुळीच नाही. स्वतःला फसवण्यात अर्थ नाही.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. मी चाकाखाली, लेक पेडलवर. "दाब... धर... सोड." टेबलावर फोन टेकवून ठेवलेला, त्यात मिरजेहून अण्णा. मी "झालं" म्हटलं की ते म्हणायचे, "अजून एकदा." बुडबुडे थांबल्यावरही चार वेळा करायला लावलं. बायको चहा घेऊन आली, पेडल स्वतः दाबून पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. आमच्या घरात याला संमती म्हणतात.

एप्रिलमध्ये पावसाने रस्त्यावरचं मीठ धुऊन नेल्यावर पहिली फेरी मारली. आईस्क्रीमच्या दुकानापर्यंत, जाऊन येऊन चार मैल. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते, १९९५ पासून. तिथे जायचा बेत आहे. तिथे पुन्हा कुणीतरी बोनेट उघडून नाक मुरडेल, त्याची तयारी आहे.

जुना मास्टर सिलिंडर फेकलेला नाही. अण्णांनीच सांगितलं, "पुसून, तेल लावून ठेव. पुढं कुणाला हवा असेल तर बसवू दे." डब्यात आहे. वर लेकीच्या अक्षरात लिहिलंय : 'हा वापरू नये.'

असो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. गॅरेज रविवारी सकाळी उघडं असतं, चहा मिळेल. आत्या, तुझ्यासाठी पुढची सीट राखून ठेवलीय. पट्ट्यासकट.