ट्रॅक्टर ओढतो खरा, पण थांबवतो का?



कापसाची वेचणी जोरात आली की जळगाव, धरणगाव, बोदवडच्या जिनिंगकडे जाणारे रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. रावेर-यावलकडे केळीची वाहतूक तर बारमाही. आमच्या खात्यातली मंडळी तुम्हांला बियाणे, खत, फवारणी सांगतात, पण पिकलेला माल घरातून बाजारापर्यंत धड कसा न्यावा हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आज ट्रॉलीविषयी.

धुळे तालुक्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने ३५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला शेजाऱ्याची ट्रॉली जोडली. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ५० हॉर्सपॉवरचा, त्यामुळे ट्रॉलीही तशीच दांडगी. तीत कांद्याच्या १०० गोण्या भरल्या. मी नेमका तिथे होतो. म्हटले, भाऊ, जास्त होतंय. तो हसून म्हणाला, "वढी ऱ्हायना ना साहेब, मंग काय?" ट्रॅक्टर ओढत होता, यात शंका नाही. लळिंगचा घाट उतरताना मात्र ट्रॉलीने त्याला पाठीमागून असे ढकलले की ट्रॅक्टर आडवा झाला आणि दोन्ही अडकित्त्यासारखे मिटले. माणूस वाचला. पाय मोडला, तो अजून नीट टेकत नाही. त्या दिवशी मी आणखी जोर देऊन का बोललो नाही, हे मला आजही लागून आहे.

आता हिशेब करा. तो ट्रॅक्टर सुमारे १,८०० किलोचा. मोकळी ट्रॉली १,५०० किलो आणि ५० किलोची एक याप्रमाणे गोण्या ५,००० किलो. म्हणजे मागे साडेसहा टन, ट्रॅक्टरच्या साडेतीनपटीहून जास्त. वीस फुटांत एक फूट उतार धरला तर सगळ्या ८,३०० किलोंपैकी ४०० किलोंवर जोर सतत खाली ओढत असतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि ट्रॉलीला बहुधा नाहीतच. मागच्या चाकांवर ट्रॅक्टरचे वजन पडते सुमारे १,२०० किलो. धूळ-खडीच्या रस्त्यावर टायर त्याच्या निम्म्याइतका जोर धरतात, म्हणजे ६००. त्यातले ४०० उतारानेच खाल्ले. उरलेल्या दोनशेत ताशी ३० किलोमीटरने जाणारी ही वरात थांबायला दीडशे मीटर लागतात. घाटात दीडशे मीटर सरळ रस्ता तरी कुठे असतो?

म्हणून हॉर्सपॉवर विचारू नका, वजन विचारा. हॉर्सपॉवर ओढण्यासाठी, थांबवण्यासाठी ट्रॅक्टरचे वजन आणि ब्रेक. विलायतेत लोक मोटारीमागे चाकांचे घर जोडून सहलीला जातात. तिथे नवशिक्याला सांगतात की मागचे घर मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून जड नको, आणि त्या घराला स्वतःचे ब्रेक असतात बरे! शेतीयंत्रांच्या परदेशी पुस्तिका थोडे सैल सोडतात: बिनब्रेकचे ओझे ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त नको, आणि वेग ताशी ३० किलोमीटरच्या आतबाहेर. म्हणजे दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे ट्रॉलीसकट तीन टन. हे वाचून तुम्ही हसाल, ठाऊक आहे. मीही गावोगाव सहा-सहा टन जाताना पाहतो. पण सपाट रस्त्यावर, बैलाच्या चालीने निभावते ते घाटात निभावत नाही, एवढे तरी ध्यानात घ्या. ट्रॉलीला ब्रेक बसवून घेतलेले असतील तर हा आकडा बराच वाढतो. नवी ट्रॉली करून घ्यायची असेल तर रंग आणि नक्षीवरचे पैसे वाचवून ते ब्रेकला घाला.

वजन डोळ्यांनी कळत नाही. कापसाची ट्रॉली डोंगराएवढी दिसते, पण हलकी. तिचे भय उंचीचे, वळणावर कलंडण्याचे. वाळू उलट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, कोरडी असली तरी साडेचार टनांच्या घरात आणि ओली त्याहून जड. युरियाच्या ४५ किलोच्या १०० गोण्या साडेचार टन. केळीचा घड १८-२० किलोचा धरा, ३०० घड झाले की सहा टनांच्या आसपास. जिनिंगवर किंवा बाजार समितीत काट्यावर एकदा मोकळी ट्रॉली चढवा आणि आकडा फळीवर रंगवून ठेवा.

बैलगाडी हाकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगावे लागत नव्हते. माल मागे गेला तर गाडी उलाळ होते, पुढे गेला तर बैलांच्या मानेवर येते, हे पोरालाही कळे. दोनचाकी ट्रॉलीचे तेच आहे. माल आसाच्या मागे जास्त झाला की हूक वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक असून नसल्यासारखा. फार पुढे भरला तर पुढची चाके उचलतात, स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. भार आसावर, किंचित पुढे झुकता ठेवा. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा. वरच्या लिंकला साखळी बांधून ओढणे म्हणजे ट्रॅक्टर मागे उलटवून अंगावर घेणे. काळ्या मातीत रुतलेल्या ट्रॉलीपाशी हा प्रकार मी एकापेक्षा अधिक वेळा थांबवला आहे. त्यापेक्षा माल उतरवा. कंटाळा येतो, पण उतरवा.

शेतात वळायला म्हणून ब्रेकची दोन पेडले सुटी करतो, ती रस्त्यावर येताना खिट्टीने जोडायची राहतात. मग घाईत एकच दाबले जाते आणि ट्रॅक्टर गरकन फिरतो. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो माथ्यावरच टाका. उतारावर क्लच दाबू नका, न्यूट्रल तर नाहीच. डिझेल वाचते म्हणतात. किती वाचते ते मला अजून कोणी मोजून दाखवलेले नाही. चाळीसगावहून कन्नड घाटात जाणाऱ्यांनी हे विशेष वाचावे. मजूर बायांना कापसावर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून आणू नका, दुसरी फेरी करा. रात्री मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी हवीच, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर तर फार.

आज घरी गेल्यावर हुकाची पिन काढून हातात घ्या. मधोमध झिजून कंबर पडली असेल, किंवा तिच्याऐवजी लोखंडी सळईचा तुकडा आणि खाली खिळा असेल, तर बदला. नवीन पिन खालून क्लिप लावायच्या भोकाचीच घ्या. आणि काढलेली जुनी पिन ट्रॉलीत टाकून ठेवू नका. घाईच्या दिवशी तीच परत लागते.